उजव्या बाजूची खंजिरी

टेबलावर दोन डब्या होत्या आणि दोघींपैकी एक तरी खोटारडी आहे, अशी माझी खात्री पटली होती. एक माझी स्वतःची, कुरिअरने मेहकरपर्यंत आलेली आणि तिथून मी मोटरसायकलवर पोटाशी धरून गावात आणलेली. दुसरी माझ्या मेहकरच्या मित्राची. बसस्टँडजवळ त्याचं कापडाचं दुकान आहे आणि आवाजाचं वेड त्याला माझ्याइतकंच आहे. “ले जा, पण पाणी-बिणी सांडू नको बे तिच्यावर,” असं बजावून त्याने ती रुमालात गुंडाळून दिली होती.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. कम्प्युटरमध्ये गाणं असतं ते नुसत्या आकड्यांत. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करावा लागतो. ते काम करणारा भाग कम्प्युटरच्या पोटात असतोच, पण तो कसंबसं काम उरकणारा. म्हणून हौशी लोक बाहेरून वेगळी डबी जोडतात. तिला डॅक म्हणतात. डबीतून वायर हेडफोनला, हेडफोन डोक्यावर, आणि मग माणूस डोळे मिटून बसतो. माझी बायको आल्यागेल्याला सांगायची, “याह्यले डबी लागली.” एखाद्याला भूत लागतं त्या चालीवर.

मला त्या डब्यांतून एकच गोष्ट ऐकायची होती, माझ्या वडिलांची खंजिरी.

आमच्या गावात पूर्वी चांगलं भजनी मंडळ होतं आणि वडील त्यात खंजिरी वाजवायचे. मी कॉलेजात असताना एका सप्ताहात मी मंदिरात टेपरेकॉर्डर लावला. उसनवारीचा होता, पण दोन माइकवाला. एक माइक डावीकडे पेटीजवळ ठेवला, एक उजवीकडे वडिलांच्या गुडघ्याजवळ. त्यामुळे कॅसेटमध्ये पेटी डाव्या कानात वाजते, गाणारे मधोमध, आणि खंजिरी उजव्या कानात. पुढे मीच ती कॅसेट कम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. एका अभंगाच्या शेवटी सगळे थांबतात आणि वडील एकटेच खंजिरीच्या चकत्या हलवत राहतात, अगदी हळू. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा तो आवाज. ती जागा मला पाठ होती.

आणि ती जागाच विझत चालली होती. आधी वाटलं, हेडफोन जुना झाला. नवा घेतला. मग वाटलं, वायर. मग कम्प्युटर. मग ही डबी आली. दरवेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चकत्यांच्या जागी नुसतं चामड्यावर बोट आपटल्याचं ठप ठप यायचं. मला चैन पडेना. वावरातून आलो की हातपाय धुवायच्या आधी मी ओसरीवरच्या टेबलाशी जाऊन बसायचो.

एवढा जीव टाकायचं कारण होतं. वडिलांची बोटं आता आखडली होती, खंजिरी खुंटीला टांगलेली होती. आणि वडील माझ्याशी बोलत नव्हते. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बोलणं बंद. काही सांगायचं तर बायकोमार्फत. ओसरीवरच, माझ्या टेबलाच्या उजव्या हाताला, कणगीजवळ त्यांची बाज. दोघे एका छपराखाली हाताच्या अंतरावर बसलेलो आणि मी त्यांना ऐकायचो ते हेडफोनमधून, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे. तेही आता नीट ऐकू येईना म्हटल्यावर माझ्याजवळ त्यांचं काय उरत होतं?

न बोलण्याचं कारण मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. कारण कपाशी.

वडिलांनी जन्मभर घरची सरकी पेरली. बीटीची पाकिटं आली तेव्हा पेरणीचा निर्णय माझ्या हातात आलेला होता. मी म्हणालो, यंदा पाकीट. ते म्हणाले, “दरसाल इकत आनायचं? बीज घरचं नसंल तं घरात हाय काय?” मी ऐकलं नाही. आणि पहिली वर्षं माझी होती. बोंडअळी दिसायला तयार नाही, फवारे कमी, झाडं लदलेली. वेचणीला बाया मिळेनात. मी वडिलांना काही बोललो नाही, पण गाडी भरताना त्यांच्या समोरून दोन फेऱ्या जास्त मारल्या असतील.

मग दिवस पालटले. अळी नाही तर तुडतुडे, तुडतुडे नाही तर फुलकिडे. लाल्या पडला की आठ दिवसांत अख्खं वावर तांबडं. शेवटी अळीसुद्धा परत आली, गुलाबी होऊन, बोंडाच्या आत बसून. बाहेरून बोंड टवटवीत आणि फोडावं तर आत किडकं. दुकानदार दरवर्षी नव्या नावाचं पाकीट पुढे करायचा आणि रस्त्याकडेच्या त्याच्या डेमो प्लॉटवर न्यायचा. तिथली कपाशी नेहमीच छातीएवढी. असणारच. जमीन गाळाची, ठिबकचं पाणी, वर माणूस राखायला. माझ्या मुरमाड वावराशी तिची तुलना करायची म्हणजे पैलवानाशी आजाऱ्याची कुस्ती लावायची. मला त्या प्लॉटचा असा संताप यायचा की एकदा मी तिथे उभा राहून दुकानदाराला म्हणालो, “हे सारं माह्या वावरात आनून दाखवा.” तो हसला आणि त्याने मला चहा पाजला.

फवारणी वाढली तसा मी इंजिनचा पंप घेतला. वडिलांनी उभ्या आयुष्यात हातपंपच मारला, दांडा वरखाली करत. माझा पाठीवरचा पंप पेट्रोलवर चालायचा. दोरी ओढली की कानाशी जे ठणाणा सुरू व्हायचं ते टाकी रिकामी होईपर्यंत. नळी उजव्या हातात, नजर उजवीकडच्या ओळीवर, मान सारखी उजवीकडे वळलेली. तोंडाला फडकं बांधायचो, कारण औषधाने मळमळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनासाठी काय बांधायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. पंप नवा, हात सरावलेला, म्हणून मी शेजारपाजारच्या वावरांतही मारून द्यायचो. संध्याकाळी कानात गुं गुं असायचं आणि सकाळी जायचं. पुढे सकाळीही जाईना, पण सवय झाली.

तर त्या दिवसांत, फवाऱ्यांच्या मधल्या उसंतीत, मी डब्या लावून बसलो होतो.

तुलना कशी करायची याचं मला शास्त्र माहीत होतं. निदान माझी तशी समजूत होती. दोन्ही डब्यांचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा, कारण जी जराशी मोठ्याने वाजते ती कानाला गोडच लागते. हाही एक डेमो प्लॉटच. मग डब्या टॉवेलखाली झाकायच्या. मग बायकोने मला न सांगता वायर इकडची तिकडे करायची आणि मी ओळखायचं. बायको बिचारी पोळ्या सोडून यायची, पिठाच्या हाताने वायर उपसायची आणि पुन्हा चुलीकडे पळायची. त्यात वीज आमच्या सोयीने येत नाही. आली की पिठाची गिरणी सुरू व्हायची आणि तिच्या धडधडीत माझा अभंग बुडायचा. गिरणी थांबली की वीज गेलेली असायची. मी कम्प्युटरच्या बॅटरीकडे बघत चरफडत बसायचो.

“कोनती चांगली वाजून राह्यली?” मी बायकोच्या कानावर हेडफोन ठेवून विचारलं.

“दोन्ही सारख्याच हायेत.”

“खंजिरी येते का तुले? उजवीकून?”

“येते ना. चांगली छनछन येते.”

“कोनत्या डबीत?”

“दोन्हीत. आता जाऊ द्या मले, पोळी जळून राह्यली.”

मी मनात म्हटलं, हिला काय कळतं? हिला लग्नातला बँड आणि घरातला रेडिओ एकच. मी पुन्हा हेडफोन चढवला. माझ्या डबीत उजवी बाजू दबलेली. मित्राच्या डबीत उजवी बाजू दबलेली. पेटी मात्र दोन्हीत डाव्या कानाशी लख्ख.

रविवारी मित्र दुपारी दुकान बंद करून स्वतःच आला, डबी सुखरूप आहे ना ते बघायला. मी त्याला बसवलं आणि तक्रारीचा पाढा वाचला. तुझ्या डबीची उजवी बाजू मेलेली आहे, माझीही तशीच, दोन्ही एकाच माळेचे मणी, आपल्याला फसवलंय. त्याने अभंग पुरता ऐकला. हेडफोन काढून तो माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघायला लागला.

“बराबर तं वाजते यार. एकदम बराबर. बाबाची खंजिरी तं अशी वाजून राह्यली, जशी समोरच बसले.”

“तुही डबी हाय म्हून तू तसंच म्हनशीन.”

“मंग तुह्या डबीवर लाव.” त्याने माझ्या डबीवरही ऐकलं. “हीबी बराबर हाय. काऊन डोकं खाऊन राह्यला बे?”

माझा पारा चढला. एवढी वर्षं मी आवाज ऐकतोय आणि हे दोघे मला सांगणार! मी तावातावाने बोलायला लागलो. माझी वायर चांगली, फाइल चांगली, आवाज सारखा केलेला, डब्या बदलून बदलून बघितल्या, तरी उजवीकडे पीकच येत नाही. ‘पीक’ हा शब्द कसा तोंडात आला कोण जाणे. बायको चहाचे कप घेऊन दारात उभी.

तेव्हा बाजेवर वडील उठून बसले. मी त्यांच्याकडे बघितलं म्हणून मला त्यांचे ओठ हलताना दिसले. बोलले ते बायकोशीच.

“त्याले म्हनाव, वान बदलून काय व्हते? तास बदलून पाह्य म्हना.”

बायकोने ते मला पुन्हा सांगितलं. मित्राला काही कळलं नाही. तो कापडाच्या घरातला. मला मात्र एका क्षणात कळलं.

तास म्हणजे पेरणीची ओळ. आमच्याकडे दोन वाण ताडून बघायचे तर एकाच वावरात शेजारी शेजारी पेरतात, चार तास याचे, चार तास त्याचे. पण एवढ्यावर निकाल देत नाहीत. वडील तर कधीच देत नसत. पुढच्या साली ते वाणांची अदलाबदल करायचे. या वाणाच्या जागी तो, त्याच्या जागी हा. कारण एखाद्या बाजूला जमीनच हलकी असते, खाली मुरूम असतो, पाणी ठरत नाही. तिथे कोणतंही बी टाका, ते खुरटणारच, आणि दोष बियावर जातो. तास बदलला की समजतं, खोट बियाण्यात आहे की भुईत. लहानपणी पेरणीत त्यांच्या मागे सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालताना मी हे किती वेळा ऐकलं होतं. आणि आठवडाभर मी करत काय होतो? वाण बदलत होतो. या डबीतून त्या डबीत, त्या डबीतून या डबीत. तास एकदाही बदलला नव्हता.

मी हेडफोन डोक्यावरून काढला, फिरवला आणि उलटा घातला. उजवा कप डाव्या कानाला, डावा उजव्या कानाला. अभंगाची शेवटची ओळ लावली.

सगळे थांबले, आणि माझ्या डाव्या कानात खंजिरी वाजायला लागली. चकती न् चकती. मध्ये वडिलांनी हात बदलला तेव्हाची बारीक किणकिण, जी मी विसरूनच गेलो होतो, तीसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी जोरात “वाजते!” म्हणून ओरडलो. मित्र हसला. बायकोही हसली.

आणि मग लक्षात आलं की पेटी गेली. पेटी आता उजव्या कानात होती आणि घोंगडीत गुंडाळल्यासारखी येत होती. मी हेडफोन सुलटा केला. खंजिरी गेली, पेटी आली. उलटा केला. पेटी गेली. असं मी किती वेळा केलं देव जाणे. मित्राने शेवटी माझा हात धरला.

डब्या दोन्ही चांगल्या होत्या. भुईच हलकी होती.

मी खूप चिडलो. कोणावर ते सांगता येणार नाही. पंपावर, अळीवर, त्या हसऱ्या दुकानदारावर, फडकं बांधा म्हणून सांगणाऱ्या आणि कानाचं न सांगणाऱ्या सगळ्या जगावर. मित्र डबी न घेताच उठला, म्हणाला, “राहू दे तुह्याजोळ.” मी ती रुमालात बांधून बळेच त्याच्या हातात दिली. ती ठेवून काय करणार होतो?

तो गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“म्हून तुम्ही वो देत नव्हते का?”

“कोनाले?”

“मामाजीले. दोन वर्सं ते तुम्हाले हाका मारत व्हते. हळूच मारत, त्यायच्यात जोर कुठी हाय आता? तुम्ही कानावर ते घालून बसले असता तवा तं सोडाच, नुसते बसले असले तरी पाह्यत नव्हते. ते मले म्हने, पोरगा मोठा झाला, आता बापाले वो देत नाही. मंग त्यायनं हाका मारनंच सोडलं.”

“अन् तू मले सांगतलं काऊन नाही?”

“मले वाटलं, कपाशीवून तुमचंच काही चालू हाय. बापलेकाच्या मधात मी काऊन पडू?”

मी बाजेकडे बघितलं. वडील भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. मी समजत होतो ते कपाशीवरून रुसलेत आणि आतून थोडा सुखावतही होतो, की बरं झालं, मीही बोलणार नाही. ते समजत होते मी माजलो. कपाशीचं त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. माझ्या उजव्या हाताला बसून एक म्हातारा माणूस मला हाका मारत होता आणि मी त्याचीच तीस वर्षांपूर्वीची खंजिरी शोधत होतो. हे मनात आलं आणि मला तिथे बसवेना. मी उठून वावरात गेलो. फवारायचं काही नव्हतं, तरी ओळीओळींतून हिंडत राहिलो. बोंडं फोडून बघितली. बरीचशी किडकी निघाली.

चार दिवसांनी बुलडाण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून कानात बारीक मोठे आवाज सोडले आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणाले. डाव्या कानाला बोट थांबत नव्हतं. उजव्या कानाला मी नुसताच बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो. बारीक आवाज ऐकणारी नस गेली आहे, ती परत येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मान उजवीकडे वळवून फवारताना तोच कान पाठीवरच्या इंजिनासमोर येत होता. इंजिनचा पंप पाठीवर घ्यायचा नाही, घ्यावाच लागला तर दोन्ही कान झाकून. मी हो म्हणालो. उरलेली कपाशी वाचवायची तर आणखी फवारा लागणारच होता. तो मी कानात घरच्याच कापसाचे बोळे कोंबून आणि वरून मफलर आवळून मारला. लोक हसले.

बुलडाण्याहून आलो त्या संध्याकाळी बायकोने वडिलांना सगळं सांगितलं असणार. मी आत जेवत होतो. त्यांच्या बोलण्याचा काही आवाज आला नाही, किंवा आला असेल आणि मला कळला नसेल. आता प्रत्येक शांततेबद्दल मला हीच शंका येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वावरातून आलो तर ओसरीवर काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. टेबल होतं तिथेच होतं. कणगीजवळची जागा मात्र रिकामी होती, जमिनीवर बाजेच्या पायांचे चार डाग तेवढे दिसत होते. बाज टेबलाच्या डाव्या हाताला आली होती, ओसरीच्या पार टोकाला, जिथे दुपार कलली की सगळं ऊन आत येतं आणि कुत्रंही बसत नाही. वडील तिथे उन्हात डोळे मिचकावत बसले होते. डोक्यावर उपरणं घेतलं होतं. हातपाय धुतले, खुर्ची ओढली, हेडफोनकडे हात नेला.

डावीकडून हाक आली. लहानपणी मला घरात ज्या नावाने हाक मारायचे त्या नावाने, अगदी हळू.

मी वळलो. “काय, बाबा?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडावरून उपरण्याचं टोक फिरवलं, उन्हामुळे असेल.

“काही नाही बे,” ते म्हणाले. “तास बदलून पाह्यला.”